सेरोटोनिन : संप्रेरक की चेतापारेषक? आणि ते बनवतं कोण?

प्रश्न : आरोग्यविषयक मजकूर तपासतो आहे. वाक्य असं : 'आतड्यातले जिवाणू शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन हे आनंदी संप्रेरक बनवतात.' इथे 'संप्रेरक' (हॉर्मोन) ठेवावं की 'चेतापारेषक' (चेतापेशींमध्ये निरोप नेणारं रसायन, न्यूरोट्रान्समीटर) करावं?

प्रतिसाद १ : नामाच्या आधी क्रियापद बघा. आतड्यात सेरोटोनिन बनवतात त्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशी, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. जिवाणू त्यांना ते बनवायला लावतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या प्रयोगात जंतुविरहित उंदरांच्या मोठ्या आतड्यात आणि रक्तात सेरोटोनिन कमी भरलं. बीजाणू धरणारे जिवाणू पोटात गेल्यावर ते वाढलं. मराठीत 'बनवायला लावतात' असं प्रयोजक क्रियापद आयतं आहे, तेच वापरा. नाहीतर 'चालना देतात' लिहा.

'आनंदी' तर काढूनच टाका. हे सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडत नाही. मेंदू स्वतःपुरतं वेगळं बनवतो. पोटातल्या सेरोटोनिनवर आतड्याची हालचाल चालते, आणि ते एकदम जास्त सुटलं तर मळमळतं. केमोथेरपीत उलट्या थांबवायला दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन हे औषध याच सेरोटोनिनचे ग्राही (पेशींवरच्या, त्याचा निरोप घेणाऱ्या जागा) अडवतं. अशा रेणूला 'आनंदी' म्हटलं की वाचक दह्याच्या वाटीत मनःशांती शोधू लागतो. आतड्याच्या संदर्भात 'संप्रेरक' चालेल, मेंदूच्या संदर्भात 'चेतापारेषक'च हवं.

प्रतिसाद २ : मग मेंदूवर परिणाम होतो तो कसा, हेही पुढच्या वाक्यात यायला हवं. एक वाट व्हेगस चेतेची, म्हणजे मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या मज्जातंतूची. तिचे बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा जेबी-१ हा वाण दिला. उंदरांची भीती कमी झाली, मेंदूतले गाबा या चेतापारेषकाचे ग्राही बदलले. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र हे दिसलं नाही. २०१७ मध्ये तोच वाण २९ निरोगी पुरुषांना दिला, तेव्हा ताणात काहीच फरक पडला नाही. म्हणून 'वर्तन बदलतात' हे उंदरांबद्दल लिहावं. माणसांबद्दल 'संबंध आढळतो', फार तर 'बदलू शकतात'. ही 'शकतात' संपादनात सर्रास उडते, आणि अर्थच फिरतो.

प्रतिसाद ३ : जिवाणू स्वतःच कर्ता असतात असंही उदाहरण आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना लेव्होडोपा देतात, कारण त्यांच्या मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे चेतापारेषक बाहेरून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू आपल्या विकराने (एन्झाइमने) आतड्यातच लेव्होडोपाचं डोपामिन करून टाकतो, म्हणजे तेवढं औषध वाया. सोबत दिलं जाणारं कार्बिडोपा हेच काम करणारं माणसाचं विकर रोखतं, जिवाणूचं मात्र नीट रोखू शकत नाही. इथे 'जिवाणू बनवतात' हे शब्दशः बरोबर.