बर्फ पडला, पण 'धरला' नाही: असं मराठीत चालतं का?

वळीव_वेचणारा
मंडळी, एका क्रियापदापाशी दोन दिवस अडलोय, म्हणून हा धागा.

मी सॉमरसेटमध्ये, एक्समूरच्या माळाला लागून असलेल्या एका खेड्यात राहतो. आप्पा आटपाडीला. दुष्काळी मुलुखातला माणूस पावसाचा जेवढा हिशोब ठेवतो तेवढा कोकणातला ठेवत नसेल. आप्पांची पावसाची वही मी शाळेत असल्यापासून चालू आहे, नक्षत्रवार. त्यांच्याच नादाने मी इथे परसात पर्जन्यमापक बसवलं. तांब्याचं, पाच इंची तोंडाचं. रोज ग्रिनिचच्या नवाला, म्हणजे एप्रिलपासून भिंतीवरच्या घड्याळाच्या दहाला, आकडा घ्यायचा आणि आप्पांना फोन करायचा. ते वहीच्या मागच्या पानांवर माझाही पाऊस लिहितात.

गेल्या एप्रिलात, पार तिसरा आठवडा उलटल्यावर, सकाळी पडदा सरकवला तर बाहेर पांढरं. आमच्या बांधावर ब्लॅकथॉर्नचं कुंपण आहे. काळ्या काटेरी फांद्या, पानांआधी फुलं, तीही पांढरी. फूल कुठलं आणि बर्फ कुठला ते कळेना. हात लावून बघितलं, गार लागून बोटावर पाणी झालं तो बर्फ. पलीकडच्या कुरणात चार-सहा दिवसांची कोकरं, पाठीवर प्लास्टिकचे पातळ कोट चढवलेली, आयांच्या आडोशाला. मेंढरांचे मालक, ऐंशीच्या पुढचे, फाटकावर कोपरं टेकून वर बघत म्हणाले, "स्नोइंग ऑल राइट, बट इट वोन्ट पिच."

'पिच' हा इकडचा गावठी शब्द. बर्फ पडून जमिनीवर राहिला, थर झाला, की तो 'पिच' झाला. बाकीचे इंग्रज 'सेटल' म्हणतात. फोनवर आप्पांना सांगताना माझ्या तोंडून गेलं, "बर्फ पडतोय, पण धरत नाहीये." आप्पा म्हणाले, "धरत नाही? बर्फ म्हणजे काय आंबा आहे?" बायको नागपूरची, ती म्हणाली 'टिकत नाहीये' म्हण. पोरगा इथेच वाढलेला, त्याने 'चिकटत नाहीये' असं सरळ इंग्रजीवरून ओढून आणलं.

मंडळाच्या अंकासाठी गावच्या हवामानाची टिपणं लिहितोय. इथले निरीक्षक दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. नुसता बर्फ पडला तो एक दिवस. नवाच्या वाचनाला निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली असली तर तो दुसऱ्या रकान्यात. हा दुसरा रकाना मराठीत काय म्हणून लिहू? आणि 'धरणे' चूक आहे का?

शुद्धमती
मुळात 'बर्फ' कशाला? आकाशातून पडतं ते हिम. फ्रीजमधला तो बर्फ. 'हिमपात झाला, परंतु हिम स्थिरावले नाही.' झालं की.

माळावरची_मैना
@शुद्धमती, हे वाक्य मी मनातल्या मनात सकाळी सातच्या बातम्यांच्या आवाजात वाचलं. फाटकावर टेकलेल्या आजोबांच्या तोंडी ते कसं बसेल?

'धरणे' मला शंभर टक्के पटलं. दुधावर साय धरते, लोखंडाला गंज धरतो, लोणच्याला बुरशी धरते, जखमेवर खपली धरते. पातळ थर हळूहळू तयार होतो तिथे मराठीत 'धरणे'च येतं. कुंपणावरचा बर्फ तर अगदी सायच. आप्पांना म्हणावं, आंबा एकटाच धरत नाही.

खडूस_व्याकरणी
मैनाताई, दाखले चांगले आहेत पण नीट बघा. साय दुधावर धरते आणि दुधातूनच येते. गंज लोखंडाचाच. बर्फ वरून, परका येतो. वरून येतं त्याला 'बसणे': धूळ बसते, काजळी बसते. म्हणून 'बर्फ पडला पण बसला नाही.'

आणि जाता जाता: बर्फ 'वितळतो', 'विरघळत' नाही. साखर विरघळते. हे मी गेली वीस वर्षं सांगतोय.

निफाडचा_द्राक्षवाला
बसला नाही म्हणजे उभा राहिला का? 😄

आमच्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा बागेत पांढरा गालिचा होता. फोटो बघून मुंबईची पाहुणेमंडळी 'अय्या काश्मीर' म्हणत होती, इथे घडांचा चिखल झालेला. पण कोणी 'गारा बसल्या' की 'गारा धरल्या' म्हटलं नाही. 'गारांचा खच पडला' म्हणालो. खच हा शब्द घ्या की. 'बर्फ पडला पण खच झाला नाही.'

वळीव_वेचणारा
@निफाडचा_द्राक्षवाला, खच मला जड वाटतो. गारांना शोभतो, त्या आपटतात. हा बर्फ पिसासारखा उतरत होता, आवाज शून्य. गवताच्या पात्यांवर, फाटकाच्या वरच्या दांडीवर, मेंढ्यांच्या पाठीवर राहिला; डांबरी रस्त्यावर पडला की काळा ठिपका, आणि गायब. जमीन तोवर तापलेली असते. वीस एप्रिलचा सूर्य आणि वीस-बावीस ऑगस्टचा सूर्य इथे दुपारी सारख्याच उंचीवर असतो, म्हणून ढग थोडे विरले तरी बाराच्या आत सगळं पाणी.

माळावरची_मैना
मग तुमचा शब्द तुमच्याच वाक्यात आहे. रस्त्यावरचा बर्फ 'जिरला'. पाणी जिरतं, मस्ती जिरते, एप्रिलचा बर्फ जिरतो. 'पडला तसा जिरला.' नकारार्थी क्रियापद शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

खडूस_व्याकरणी
जिरायला आत जावं लागतं. डांबरात कसा जिरेल?

फारसीदाँ
शुद्धमतींसाठी थोडी गंमत. 'बर्फ' शब्द फारसीतून आला, खरं आहे. पण फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडतो तोच. गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. म्हणजे मूळ अर्थाने आपले आटपाडीकर बरोबर बोलतायत, आणि गोळेवाल्याच्या लाकडी रंध्याखालचा दगड तेवढा चुकीच्या नावाने विकला जातोय. आपल्या मुलखात वरून कधी पडत नाही, त्यामुळे शब्द आला आणि मिळेल त्या वस्तूला चिकटला. ती वस्तूही परदेशी. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला तलावांतला बर्फ भरून जहाज आलं, पुढे मुंबईलाही तसा बर्फ येऊ लागला. आता मराठी माणूस सॉमरसेटला गेला आणि शब्द आपल्या मूळ अर्थाला परत भेटला.

शुद्धमती
गंमत आवडली, पण त्याने 'हिम'चा हक्क जात नाही. लॅटिनमध्ये हिवाळ्याला 'हिएम्स' म्हणतात, तो आपल्या हिमाचा सख्खा चुलत. एवढा जुना शब्द घरात असताना उसना का?

माळावरची_मैना
घरातला शब्द 'हीव' आहे हो! हिमाचंच घासून झालेलं रूप. हिवाळा, हिवताप. माझी आजी (माण तालुका) पहाटे विहिरीवरून आली की म्हणायची, "लई हिवाळून आलंय." तत्सम वापरला की शुद्ध आणि तद्भव वापरला की गावंढळ, हा कुठला न्याय? 'हीव पडलं' म्हणा ना बर्फाला.

शुद्धमती
हीव म्हणजे थंडी, शहारा. पदार्थ नव्हे. अंगात हीव भरतं, अंगणात नाही.

निफाडचा_द्राक्षवाला
पेपरवाल्यांना आधी आवरा. दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या जेट्टीवर दव गोठलं की 'महाबळेश्वरात हिमकण', एकदा तर 'बर्फवृष्टी' वाचलं. वरून काही पडलंच नाही! दव तिथेच होतं, तिथेच गोठलं. आमच्याकडे बागेत पारा शून्याच्या आसपास गेला की आम्ही 'दव गोठलं' म्हणतो आणि पहाटे शेकोट्या पेटवतो. शब्दापेक्षा धूर महत्त्वाचा.

वळीव_वेचणारा
हा मुद्दा इथेही आहे. इंग्रज हवामानवाले दव गोठण्यातही दोन जाती करतात: सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीतला पारा शून्याखाली गेला तर एक, गवतालगतचा गेला तर दुसरी. गवताची रात्र हवेच्या रात्रीपेक्षा थंड. मराठीत मी 'हवेतलं गोठण' आणि 'गवतावरचं गोठण' लिहून ठेवलंय, पण वाचताना शस्त्रक्रियेसारखं वाटतं.

आणि अजून एक. दुसऱ्या दिवशी बर्फही नाही, गारही नाही, असं काहीतरी मधलंच पडलं. पांढरे अपारदर्शक दाणे, बोटांत धरले तर चुरा होणारे, पत्र्यावर उड्या मारणारे. शास्त्रात 'ग्रॉपेल', जर्मन शब्द. बायको स्वयंपाकघरातून बघून म्हणाली, "साबुदाणा पडतोय." नंतर वाचलं तर त्या जर्मन शब्दाच्या मुळाशीही कांडून सोललेल्या जवाचे दाणेच आहेत! दोन बायकांना, दोन मुलखांत, धान्याचा डबाच आठवला असणार.

खडूस_व्याकरणी
पहिल्या बाईबद्दल पुरावा नाही. पण 'साबुदाणा' झकास, ठेवा.

फारसीदाँ
मग 'गार' शब्दाकडेही बघा. गार म्हणजे थंड, गार म्हणजे पडणारी ती, आणि गार म्हणजे पांढरा कठीण दगड, गारगोटीतली. माझं मत: दगड आधी. आभाळातून दगड पडले, ते थंड होते, म्हणून थंडाला 'गार' म्हणायला लागलो.

शुद्धमती
हे व्युत्पत्तिशास्त्र की चहाची टपरी? संस्कृतात 'करका' आहे, 'उपल' आहे. उपल म्हणजे दगडच, एवढं मान्य.

फारसीदाँ
म्हणजे मान्यच केलंत.

शुद्धमती
उपलापुरतं. गारेचं नाही.

कोरडवाहू
मध्येच घुसतो. बर्फ 'अवकाळी' होता असं लिहिणार आहात का? कारण माझ्या माहितीप्रमाणे त्या देशात डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये बर्फ पडण्याचे दिवस जास्त. नाताळच्या भेटकार्डांवरच फक्त डिसेंबरात पडतो.

वळीव_वेचणारा
बरोबर, मार्चला अवकाळी म्हटलं तर गावात हसतील. एप्रिल सरताना मात्र लोक बोलतात. १९८१ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोठं वादळ झालं होतं, कोकरांच्या दिवसांत, ढिगाऱ्यांखाली मेंढरं गेली. म्हातारे अजून त्या सालाशी तुलना करतात. १९५५ ला तर १७ मे रोजी पडला होता. ब्लॅकथॉर्न फुलला की थंडी एकदा मागे वळून येते, तिला इकडे त्या झुडपाचंच नाव आहे, 'ब्लॅकथॉर्न विंटर'. आपलं 'होळी जळाली, थंडी पळाली' इथे चालत नाही. पळते आणि विसरलेली छत्री न्यायला परत येते.

कोरडवाहू
मग 'म्हातारा बर्फ' म्हणा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, तसा डिसेंबर-जानेवारीचा तरणा आणि एप्रिलचा म्हातारा. पडतो, पण अंगात धरून ठेवायची ताकद नाही.

माळावरची_मैना
वा! बघा, तुम्हीही 'धरून'च म्हणालात.

खडूस_व्याकरणी
ते सकर्मक आहे. वेगळं.

मँचेस्टर_काका
उशिरा येतोय. 'पिच' आणि बर्फ म्हटल्यावर बक्स्टन कोणालाच आठवलं नाही? २ जून १९७५, सोमवार. डर्बीशायर वि. लँकशायर. शनिवारी लँकशायरने ५ बाद ४७७ ठोकल्या, क्लाइव्ह लॉइड नाबाद १६७. सोमवारी मैदानावर बर्फ! जूनमध्ये! तो तिथे चांगला 'पिच' झाला होता, खेळ बंद. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. मंगळवारी त्या भिजल्या पट्टीवर डर्बीशायर ४२ आणि ८७ सर्वबाद. पंच डिकी बर्ड. फारुख इंजिनियर त्या काळात लँकशायरलाच होते. बक्स्टन समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, तरीपण जून म्हणजे जूनच. तुमचा एप्रिल कुठे लागला?

निफाडचा_द्राक्षवाला
काका, त्याच आठवड्यात, शनिवारी ७ जूनला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाची आपली मॅच ना? गावसकर ६० षटकं खेळून नाबाद ३६.

मँचेस्टर_काका
तीच. पाच दिवसांत बर्फाचं ऊन झालं.

वळीव_वेचणारा
मंडळी, अंक उद्या द्यायचाय. मापकाचं सांगतो, मग एकदा मत द्या. नरसाळ्यात साचलेला बर्फ तसा मोजता येत नाही. मोजून कोमट पाणी ओतलं, सगळा वितळला (@खडूस_व्याकरणी, बघा), एकूण मोजलं, ओतलेलं वजा केलं. चार मिलिमीटर. आप्पांना सांगितलं. त्यांनी थोडं थांबून विचारलं, "पडला म्हणून लिहू की साचला म्हणून?" मी म्हटलं, गवतावर साचला, रस्त्यावर नाही. नंतर वहीचा फोटो पाठवला: 'अश्विनी. इंग्लंड. ४ मि.मी. पांढरा. वरवर.'

दुसऱ्या रकान्याला सध्या 'साचला' लिहितोय. पण आजोबांच्या वाक्याचं काय? 'धरला नाही' ठेवू का?

शुद्धमती
'वरवर' हा शब्द चांगला आहे. कोण आहेत तुमचे आप्पा?

खडूस_व्याकरणी
धरणे-बसणे नंतर बघू. निफाडकर, नाबाद ३६ अर्धंच सांगितलंत. चेंडू १७४ होते.

निफाडचा_द्राक्षवाला
आणि खेळपट्टी कोरडी होती.