लीगचे खेळाडू टिकवायचे असतील तर कार्ड नको, टीम सांभाळा

दहावी फ्रेम

आमच्या बोलिंग सेंटरच्या मॅनेजरनी गेल्या आठवड्यात बोलावून मला एक छापील कार्ड दाखवलं. दर गेमला एक शिक्का, वीस शिक्के भरले की एक गेम फुकट. लीगच्या, म्हणजे टीम करून सीझनभर दर आठवड्याला खेळणाऱ्या, खेळाडूंची गळती यानं थांबेल असं त्यांचं म्हणणं. मी सलग नऊ सीझन लीगची सेक्रेटरी आहे, म्हणून मत विचारलं. मी नको म्हटलं. का म्हटलं ते काउंटरवर उभ्या उभ्या धड सांगता आलं नाही, म्हणून या धाग्यावर सविस्तर मांडतेय.

गेल्या सीझनला आठ टीमनी सुरुवात केली, शेवटाला पाच उरल्या. तीन टीम कशा गेल्या ते मी हजेरीची वही उलटी चाळत शोधलं. तिन्ही ठिकाणी सुरुवात एकच: चौघांतलं एक माणूस यायचं थांबलं. एकाची शिफ्ट बदलली, एकाच्या गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली, एकीच्या घरी आजारपण निघालं. अशा वेळी आमच्या नियमाप्रमाणे ब्लाइंड स्कोअर लागतो, म्हणजे गैरहजर खेळाडूचं ॲव्हरेज (एका गेमची त्याची सरासरी) वजा १० पिन. कागदावर टीम चौघांचीच राहते. लेनवर मात्र तिघंच बसलेली असतात. पाळी भराभर येते, गप्पांना सवड मिळत नाही, आणि दर आठवड्याला हार. पाचव्या-सहाव्या आठवड्याला तिघंही ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणायला लागतात, आणि ते बघणं कधी होत नाही.

या बारा जणांच्या हातात शिक्क्यांचं कार्ड असतं तर काय फरक पडला असता? माझ्या मते काहीच नाही. खेळाडूचा जीव आपल्या टीममधल्या तिघांत अडकलेला असतो. ती तिघं जिथे भेटतात ते सेंटर त्याला आपलं वाटतं.

आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, ॲव्हरेज ११८. तीन सीझनपूर्वी एका रात्री त्यांना आयुष्यात पहिल्यांदा २०० पडले. काउंटरवरच्या मुलानं माइकवरून त्यांचं नाव पुकारलं. मशीनमागून मेकॅनिक फडक्याला हात पुसत बाहेर आला आणि त्यानं काकांचा हात हातात घेतला. काकांच्या तळव्याला ग्रीस लागलं, ते दाखवत ते सगळ्या लेनवर फिरले. त्या गेमची स्कोअरशीट अजून काउंटरशेजारी लावलेली आहे, कडा पिवळ्या पडल्यात. मध्ये त्यांच्या घराजवळ नवं, जास्त चकचकीत सेंटर उघडलं. काका गेले नाहीत.

म्हणून मला वाटतं, सेंटरनं जो खर्च कार्डावर करायचा तो यावर करावा: कुणी पहिल्यांदा गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी फोन, बदली खेळाडूंची तयार यादी, आणि चौथी जागा दोन आठवड्यांच्या आत भरून देणं. तुमचं मत काय?

काउंटरपलीकडून

असहमत. मी दुसरीकडे एक सेंटर चालवतो, म्हणून जरा दुसऱ्या बाजूनं सांगतो.

काकांची गोष्ट मनाला भिडली, खोटं कशाला सांगू. पण जे आले आणि राहिले त्यांच्याकडे बघून तुम्ही सगळा सिद्धांत मांडताय. जे लीगमध्ये पाऊलच टाकत नाहीत त्यांचं काय? रॉबर्ट पटनम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये एक आकडा पुढे आणला होता. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारी माणसं १० टक्क्यांनी वाढली, आणि लीगमध्ये खेळणारी ४० टक्क्यांनी घटली. म्हणजे खेळ लोकांना हवा होता, बांधिलकी नको होती. लीगचा खेळाडू एकट्यादुकट्यापेक्षा तिप्पट बिअर आणि पिझ्झा घेतो, आणि धंद्यातला खरा पैसा तिथेच आहे, हेही त्यानं लिहिलं होतं. त्यामुळे लीग जाणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या अनुभवात लोक अडतात ते ३२ आठवड्यांच्या सीझनला. एवढे मंगळवार आधीच लिहून द्यायचे म्हटलं की नोकरी करणारा माणूस मागे सरकतो. मी १२ आठवड्यांची लीग काढली. दर आठवड्याच्या फीमध्ये बॉलची किंमत थोडी थोडी वळती केली, आणि सीझन पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी स्वतःचा बॉल दिला, त्याच्या बोटांच्या मापानं भोकं पाडून. ज्यांनी आयुष्यभर रॅकवरचा, दुसऱ्याच्या अंगठ्याचा बॉल टाकला होता, त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा बॉल आला. त्यातले बरेच पुढच्या सीझनला परतले. ही सवलतच झाली ना? आणि ती चालली.

सेक्रेटरीनं फोन करावा, जरूर करावा. पण तो फोन फी न घेता तुम्ही करताय. तुमच्यानंतर कोण करणार? कार्ड मी उद्याही छापू शकतो.

डावखुरा

तुम्ही दोघं माणसांबद्दल बोलताय. कुणीतरी लेनबद्दलही बोला.

सहा वर्षं मी एका सेंटरमध्ये खेळलो, ॲव्हरेज १९६. टीम उत्तम होती, काउंटरवरची मंडळी नावानं ओळखायची. तरी सोडलं. कारण तेल. बॉल किती वळेल हे लेनवरच्या तेलावर ठरतं, आणि ते दुपारी टाकायचे. मग तीन तास वाढदिवसाच्या पार्ट्या, मुलं, मिळेल तो बॉल. नंतर त्याच लेनवर रात्री आमची लीग. फाउल लाइनपासून (जिच्या मागून बॉल टाकायचा) हेड पिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) ६० फूट, रुंदीत ३९ पट्ट्या, आणि त्यातल्या कुठल्या पट्टीवर किती तेल उरलंय हे रोज नवं कोडं. एका आठवड्याला बॉल वळायचाच नाही, पुढच्या आठवड्याला त्याच रेषेवरून टाकलेला हेड पिन ओलांडून पार पलीकडे जायचा. तीनदा सांगितलं, लीगच्या अर्धा तास आधी तेलाचं मशीन फिरवा. ‘बघतो’ म्हणाले.

मला फुकट गेम नको होता, फोनही नको होता. जो माणूस वर्षानुवर्षं एक थ्रो सुधारतोय त्याला चांगला टाकलेला थ्रो चांगलाच पडेल एवढी खात्री लागते. ती दिलीत तर तो पावसातही येईल.

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय. ऑफिसच्या तिघांबरोबर मागच्या वर्षी लीगमध्ये आले, माझं ॲव्हरेज १०४.

सुरुवातीचे चार आठवडे हँडिकॅप म्हणजे काय (ॲव्हरेज कमी तितक्या स्कोअरमध्ये मिळणाऱ्या जादा पिन) हे मला कुणी नीट सांगितलं नाही. मी नुसती हरायची आणि टीमला माझं ओझं झालंय असं वाटायचं. पाचव्या आठवड्याला समोरच्या टीममधल्या एका बाईंनी स्कोअरशीटच्या मागे पेन्सिलीनं मांडून दाखवलं. आमच्या लीगचा आधार २२०, त्यातून माझे १०४ गेले, उरले ११६, त्याचे ९० टक्के म्हणजे १०४. माझं ॲव्हरेज आणि हँडिकॅप एकच! समोरच्या १९० वाल्याला मिळतात २७. दोघांनीही आपापल्या ॲव्हरेजइतकं खेळलं तर माझे २०८, त्याचे २१७. म्हणजे त्यानं केलेल्या सरावाचा थोडा फायदा त्याच्याकडे राहतो, पण मी नेहमीपेक्षा दहा पिन जास्त पाडल्या तर मी जिंकते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हा खेळ माझाही आहे.

आता दुसरी बाजू. सीझनच्या शेवटी एका टीमचा खेळाडू, वर्षभर १४० च्या आसपास रेंगाळलेला, बक्षिसाच्या सामन्यांत सलग तीन गेम १९० च्या वर खेळला. मुद्दाम ॲव्हरेज खाली ठेवलं असं सगळे कुजबुजले, समितीनं विषयच घेतला नाही. आमच्यातले दोघं तेव्हाच म्हणाले की पुढच्या वर्षी नाही. त्यांना कार्ड द्या, बॉल द्या, नाही येणार. फसवल्यासारखं वाटलं की माणूस परत फिरत नाही.

पिनमागे

मेकॅनिक आहे, थोडक्यात लिहितो. नवव्या फ्रेमला (गेमच्या दहातल्या नवव्या पाळीला) पिन उभ्या करणारं मशीन अडकलं की लीगचा खेळाडू मागे वळून माझ्याकडे बघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पुढचा सीझन दिसतो. सुटे भाग वेळेवर मागवा. आणि हल्ली दोरीला बांधलेल्या पिनांची मशीनं येताहेत, देखभाल स्वस्त पडते म्हणून मालकांना आवडतात. अमेरिकेच्या यूएसबीसीनं (तिथली बोलिंगची राष्ट्रीय संघटना) २०२३ पासून त्या खेळाला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. सुटी पिन जशी लोळत जाऊन दुसरीला पाडते तशी दोरीची जात नाही, आणि जुन्या खेळाडूला ते पहिल्या फ्रेमलाच कळतं. मशीन बदलायचं असेल तर निदान लीगला आधी विचारा. न विचारता बदललेलं मी पाहिलंय, अर्धी लीग रिकामी झाली.

दहावी फ्रेम

डावखुरा, तेलाचं मान्य. ते माझ्या यादीत पहिलं हवं होतं. माझं ॲव्हरेज १३५, मला तो फरक कळत नाही म्हणून सुटलं.

नवखी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. नव्या खेळाडूला पहिल्याच रात्री हँडिकॅप मांडून दाखवणं हे माझं काम होतं, आणि नऊ सीझनमध्ये मी ते सगळ्यांसाठी केलेलं नाही. या वेळी करेन. संशयास्पद ॲव्हरेज सीझनच्या मध्यावर तपासून बदलण्याचा नियम आमच्याकडे आहे, तो वापरायला कुणी धजावत नाही. वाईटपणा कोण घेणार? तो घ्यायला हवा.

काउंटरपलीकडून, १२ आठवड्यांचं पटलं. बॉलचं पूर्ण पटलं नाही. स्वतःचा बॉल असलेला माणूस खेळाला बांधला जातो, पण बॅग उचलून तो कुठल्याही सेंटरला जाऊ शकतो.

काउंटरपलीकडून

जाऊ शकतो. पण त्याचा अंगठा सुजला, भोक घट्ट झालं, तर बॉल ज्यानं मापून दिला त्याच्याकडेच येतो. असो.

तुमच्या टीमच्या मुद्द्यावर विचार केला. कार्ड खेळाडूच्या नावानं काढूच नका, टीमच्या नावानं काढा. चौघंही हजर असतील त्या रात्री एक शिक्का, दहा शिक्क्यांना टीमला एक तास सराव मोफत. मग सगळे एकमेकांना ओढून आणतील. सवलतही राहिली, टीमही राहिली.

दहावी फ्रेम

कल्पना चांगली आहे, पण मला तिची भीती वाटते. जिचं पोर तापानं फणफणलंय ती त्या रात्री येणार नाही, आणि तिच्यामुळे तिघांचा शिक्का बुडणार. कुणी तोंडावर बोलणार नाही, पण तिला ते जाणवेल. आमच्याकडून गेलेली ती एकजण अशीच गेली. ‘माझ्यामुळे तुमचं नुकसान नको’, हे तिचं शेवटचं वाक्य मला अजून आठवतं.

त्यापेक्षा आधी खेळून ठेवायची सोय द्या. ज्याला मंगळवारी जमणार नाही त्यानं आधीच्या शनिवारी सकाळी येऊन आपले तीन गेम टाकावेत, ते मंगळवारी धरले जावेत. नियमात बऱ्याच लीगमध्ये हे असतं, पण सेंटर लेन उघडून द्यायला कुरकुर करतं. शनिवारी सकाळी दोन लेन रिकाम्याच असतात ना?

काउंटरपलीकडून

असतात. पण आधी टाकलेल्या गेमवर लक्ष कोण ठेवणार? समोरची टीम लगेच म्हणेल, बघणारं कुणी नव्हतं.

नवखी

समोरच्या टीममधलं एक जण येऊन बसलं तर? आमच्या त्या पेन्सिलवाल्या बाई नक्की येतील.

डावखुरा

मीही येईन. फक्त शनिवारीही तेल ताजं असू द्या.

काउंटरपलीकडून

हे मला चालेल. एक सीझन दोन लेनवर करून बघतो. पण टीमचं कार्डही सोबत ठेवणार आहे, शनिवारचा गेम हजेरीत धरून. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

दहावी फ्रेम

शनिवार हजेरीत धरणार असाल तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा सीझन संपल्यावर वही घेऊन याच धाग्यावर मांडेन. आमच्या मॅनेजरना भेटायला गुरुवारी जातेय, कार्डाआधी तेलाची वेळ आणि शनिवारच्या दोन लेन मागणार आहे.