लूक १५ मधला बाप मुलाला शोधायला का गेला नाही?

वास्कोची_बहीण

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

आम्ही मूळचे अहमदनगरकडचे. पपा मुरगाव बंदरात कामाला लागले आणि आम्ही वास्कोचेच झालो. बाहेर कोंकणी, घरात मराठी, रात्रीची प्रार्थनाही मराठीतच. धाकटा भाऊ ११ वर्षं बोटीवर आहे. पपा गेले तेव्हा तो भर समुद्रात होता, मातीलाही पोचला नाही. तेव्हापासून चर्चची पायरी चढलेला नाही. "माझा नि देवाचा संबंध संपला," असं त्याने आईला तोंडावर सांगितलं.

मागच्या सुट्टीत शेजारच्या काकींना ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, जायचं होतं, म्हणून त्याने गाडी काढली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होईपर्यंत उन्हात बाहेर उभा राहिला. येताना आईसाठी खाज्याचा पुडा मात्र आठवणीने आणला.

आता माझा प्रश्न. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू तीन गोष्टी सांगतो. मेंढपाळ ९९ मेंढरं रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या मागे जातो. बाई दिवा लावते, घर झाडते, नाणं हाती लागेपर्यंत थांबत नाही. आणि धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, तेव्हा? बाप घरीच! मेंढरू चुकून भटकतं, नाणं हातून पडतं, पण मुलगा तर ठरवून जातो. जो ठरवून जातो त्याला देव शोधत नाही का? माझा भाऊ ठरवून गेलाय. मी दर रविवारी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचन पाठवते. दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

फोंड्याचा_मास्तर

ताई, मीही या अध्यायाशी बरीच वर्षं झगडलोय. मला उलगडलं ते एवढंच.

डुकरांपाशी उपाशी बसलेल्या त्या मुलाला काय आठवतं ते पाहा. त्याला आपलं पाप पहिल्यांदा आठवत नाही. बापाच्या घरी मोलकऱ्यांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते, हे आठवतं. बाप घरी राहिला, पण त्याची भाकरी पोराच्या मागे दूर देशापर्यंत गेली होती. बाप कंजूष असता, नोकरांना उपाशी ठेवणारा असता, तर पोराला परत यायला वाटच उरली नसती.

बायबलमधल्या २३व्या स्तोत्राच्या शेवटी कल्याण आणि दया आयुष्यभर माझ्यामागे येतील असं म्हटलंय, तिथलं मूळ हिब्रू क्रियापद 'रादाफ' आहे. बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात मिसरच्या राजाचं, फारोचं सैन्य इस्राएलाच्या पाठीस लागतं, तिथेही हाच शब्द. म्हणजे नुसतं मागून चालत येणं नव्हे, पाठ धरणं. हे कळलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

आणि बाप दोनदा घराबाहेर येतो. धाकटा लांब असतानाच त्याच्याकडे धावत जातो. धाकट्यासाठी मेजवानी झाली म्हणून थोरला रुसून अंगणात उभा राहतो, तर त्याची समजूत घालायलाही बाहेर येतो. थोरला तर कुठे गेलाच नव्हता!

वाळपईची_लेक

मास्तरांसारखं मला मूळ भाषेतलं काही सांगता येणार नाही. पाहिलेलं सांगते.

सत्तरी तालुक्यात आमच्या शेजारी धनगराचं घर आहे. एका पावसाळ्यात त्यांची एक शेळी संध्याकाळी परतली नाही. आजोबा बॅटरी घेऊन निघाले, मी आणि माझा भाऊ मागोमाग. मी सारखी हाका मारत होते. ते म्हणाले, "बाय, उगी राह. भ्यालेलं जनावर ओ देत नाही. ओरडलं तर बिबट्याला कळेल, एवढी अक्कल त्याला असते." मग ते दर थोड्या अंतरावर थांबायचे, बॅटरी विझवायचे आणि नुसतं ऐकायचे. अंधारात पानांवरून पाणी गळत होतं, बाकी काही नाही. मला तर शेळी मेली असंच वाटलं होतं.

सापडली ती करवंदीच्या जाळीत. आजोबा पोटावर सरपटत आत शिरले. ती बाहेर येईना, मागेच ओढत होती. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. खांद्यावर घेतली तरी घर येईपर्यंत लाथा झाडत होती, पण त्यांनी उतरवली नाही.

ताई, तुमचा भाऊ उत्तर देत नाही म्हणजे तो ऐकत नाही असं धरू नका. वाचतो तरी आहे.

दिवाडकर

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'पाठ धरणं' हा शब्द गोव्यात जपून वापरावा लागतो. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, ते कायमचं गेलं १८१२ मध्ये. माणसांना शोधून काढलं, कोंडलं, जाळलं, आणि तेही देवाच्या नावाने. त्या पाठलागात देव होता असं मी मानत नाही. गोष्टीतल्या मेंढपाळाच्या हाती मेंढरू लागतं तेव्हा तो आनंदाने खांद्यावर घेतो. काठीचा तिथे उल्लेखसुद्धा नाही.

त्याच काळात, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. परक्या देशातला माणूस, सासष्टीतल्या लोकांची बोली शिकला आणि येशूची कथा मराठी ओव्यांत पुराणासारखी रचली. १६१६ मध्ये ती रायतूरला छापली गेली. सक्तीच्या त्या काळात एक माणूस ओवी शिकत बसला, हे मला फार मोठं वाटतं.

तुमच्या भावाची बोली कोणती, ते तुम्हालाच ठाऊक. दर रविवारचं वचन ही त्याची बोली नसावी.

वास्कोची_बहीण

सगळ्यांचे आभार. दिवाडकर, तुमचं शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे.

या रविवारी वचन पाठवलं नाही. आईने बांगड्याचं हुमण केलं होतं. जेवणाच्या टेबलाचा तसाच फोटो काढून पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. रात्री दोनला त्याचा मेसेज आला: "पपांची खुर्ची अजून तिथेच आहे?"

मी आईला उठवलं. तिने मला खुर्चीवरच्या उशीचा अभ्रा बदलायला लावलं आणि मग म्हणाली, आता त्याला फोन लाव.