आधी लॅबचं मशीन जोडून दाखवा म्हणा

वीस खाटांच्या रुग्णालयासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. स्क्रीन किती देखणी आहे ते नंतर बघा. आधी विक्रेत्याला तुमच्याच लॅबमधलं अ‍ॅनालायझर (तपासणीचं मशीन) सॉफ्टवेअरला जोडून दाखवायला सांगा. निकाल हातानं टाइप करायची वेळ आली, की १२.७ हिमोग्लोबिनचं १७.२ व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि औषध त्याच आकड्यावर ठरतं.

बाह्मनी हे रुग्णालयांसाठीचं सॉफ्टवेअर जरूर पाहा. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या आरोग्यसंस्थेच्या गरजेतून ते उभं राहिलं. रुग्णांच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस आणि बिलं-साठ्यासाठी ओडू, अशी तीन सॉफ्टवेअर त्यात एकत्र गुंफलीत. मोफत आहे, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतोच.

करारात एक अट घालाच: सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. आमच्या करारात ती नव्हती. जुन्या रुग्णांच्या नोंदी आम्ही तीन महिने हातानं भरत बसलो.