विषय: कयाकसाठी हातातला व्हीएचएफ रेडिओ – मुंबईला आणू का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात तीन आठवडे मुंबईला येतेय. शाळेतल्या दोघी मैत्रिणींनी मांडव्याहून थळपर्यंत कयाकने (वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीने) जायचा बेत केलाय, जमलं तर खांदेरी बेटाला वळसा घालून. समुद्रात बोटींनी एकमेकींशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ कुणाकडेच नाही. इथून जीपीएसवाले दोन व्हीएचएफ घेऊन यावेत म्हणते. पाच वॉटचा पुरेल की सहाचाच घ्यावा? मंडळातून परत गेलेल्यांपैकी कुणी तिथे वापरलाय का?

– सिएटलहून, भाकरवडीसाठी बॅगेत जागा राखणारी

---

अगं, बॅग भरण्याआधी हे वाच.

इथे सागरी व्हीएचएफला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. तुमच्याकडे घरच्या पाण्यात छोट्या बोटीला तो लागत नाही, म्हणून हे डोक्यातच येत नाही. आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारा इनरीच असेल तर तो मुळीच आणू नकोस. परवानगीशिवाय असली यंत्रं बाळगली म्हणून परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवून पोलिसांच्या हवाली केलेलं आहे. तुमचे साधे वॉकीटॉकीही नकोत. ते 462-467 मेगाहर्ट्झवर बोलतात, इथे बिनपरवाना पट्टा 446 चा.

रेडिओ घे, पण तुमच्या सिएटलच्या प्युजेट साउंड खाडीसाठी. पाच की सहा वॉट, हा वाद दुकानदारावर सोड. व्हीएचएफ साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. कयाकमध्ये बसल्यावर अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर, म्हणजे तिचं क्षितिज चारेक किलोमीटर. दोन कयाक एकमेकींना कागदावर आठ किलोमीटरवरून ऐकतील, पण लाटेच्या खळग्यात गेलात की तेही विसरा. पन्नास मीटर उंच अँटेना असलेलं किनाऱ्यावरचं केंद्र मात्र तुला तीस किलोमीटरवरूनही ऐकू शकतं. वॉट वाढवून क्षितिज सरकत नाही, फक्त बॅटरी लवकर उतरते. जवळच्या बोलण्याला एक वॉट पुष्कळ.

मी पैसे मोजीन ते डीएससीसाठी, म्हणजे एका बटणावर संकटाचा संदेश पाठवायच्या सोयीसाठी. लाल बटण दाबलं की चॅनल 70 वरून तुझी जागा आणि तुझी ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय नंबर आपोआप जातो. मग चॅनल 16 वर तोंडाने सांगायचं. थंडीने दात वाजत असताना अक्षांश-रेखांश वाचून दाखवायचे म्हणजे काय ते तूच ठरव. फक्त तो नंबर आधी नोंदवून रेडिओत भरावा लागतो, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

दुसरं, रेडिओ लाइफ जॅकेटलाच अडकव. मी हौसेने डेकवरच्या जाळीत खोचायचो. एकदा मनोरीच्या खाडीत पलटलो, कयाक ओहोटीबरोबर निघाली, रेडिओ तिच्यासोबत, आणि मी गुडघाभर चिखलात उभा. तरंगणारा संच होता, त्याचा मला काय उपयोग! संचावर लिहिलेलं आयपीएक्स7 हे पाण्यात टिकण्याचं मानांकन म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, तेही गोड्या पाण्यातली चाचणी. खारं पाणी चार्जिंगच्या पितळी टोकांना खातं, म्हणून घरी आल्यावर नळाखाली धुवायचाच.

मुंबईत काय करायचं? शाळेतले मतलई आणि खारे वारे आठव. सकाळी जमिनीकडून वारा, आत जाणं सोपं वाटतं. दुपारी खारा वारा उलटा येतो आणि लाट उसळते. अकराच्या आत किनारा गाठा. उधाणाची तिथी टाळा, निघण्याआधी थळच्या कोळ्यांना विचारा. गेटवेसमोरच्या जहाजांच्या वाटेला तर जाऊच नका. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, गळ्यात. तटरक्षक दलाचा नंबर 1554. किनाऱ्यावरच्या एकाला लाइव्ह लोकेशन द्या. आणि एखादी मोटरबोट भाड्याने सोबत घ्या, परवाना असलेला रेडिओ तिच्यावर आहे का ते आधी विचारून.

– बोरिवलीचा काका

---

काका, इनरीच खरंच बॅगेत होता, काढला. सोबतच्या बोटीचं मैत्रिणीला सांगितलं, तर म्हणे, "मग कयाक कशाला, बोटीतच बसू या." खांदेरीचा वळसा तूर्त रद्द, आवास ते किहीम करतोय. चिखलातला फोटो असेल तर मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पाठवा.