अनुभव धागा: ‘सुपरस्टिशन’ तुम्हाला कुठे भेटलं?

अमेरिकन गायक-वादक स्टीवी वंडरचं ‘सुपरस्टिशन’ (म्हणजे अंधश्रद्धा) हे गाणं ऑक्टोबर १९७२ मध्ये आलं आणि जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाणं आलं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. फंक-सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेकेबाज संगीत न ऐकणाऱ्यांनाही हे गाणं ओळखीचं असतं. तुमच्यापर्यंत ते कसं आलं? वाजवत असाल तर हाताला काय लागलं? सविस्तर लिहा.

*

मी हार्मोनियम शिकवते. एका विद्यार्थ्याने हट्टाने हे बसवून मागितलं. पट्टी काळी दोन, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा. मुख्य तुकडा शोधायला लागलो तर बोटं जवळजवळ काळ्या पट्ट्यांवरच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे सूर! चलन अर्थातच रागाचं नाही, पण ओळखीचे सूर निघाल्यावर पोरगा असा रमला की तास संपला तरी उठेना. कडव्याच्या शेवटी मात्र सूर अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकतात, तिथे खरी मेहनत आहे. मूळ गाण्यातलं वाद्य होनर कंपनीचं क्लॅव्हिनेट. त्यात पट्टी दाबली की रबरी टोक तारेवर आपटतं आणि तो आवाज विजेवर मोठा होतो. शिवाय ध्वनिमुद्रणात त्याचे अनेक थर एकावर एक चढवलेत. आपल्या भात्याचा सूर लांबतो. ती तुटक, टोकदार धार पेटीवर येत नाही. सूर सापडतात, ठसका नाही.

*

सुरुवातीचे ड्रम स्टीवीनेच वाजवलेत. हे कळल्यावर मी फक्त हाय-हॅट (ड्रममधली झांजांची जोडी) ऐकत बसलो. ठेका तोच, पण भरणा सारखा बदलतो, लय किंचित डुलते. तबला शिकलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथसुद्धा त्याचीच, मूग सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्यावर. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे दुसऱ्यांचे. मशीनवर ठोकलेले ड्रम ऐकून कान विटले असतील तर पहिली दहा सेकंदं ऐकाच.

*

मला आधी हे गाणं गिटारवादक स्टीवी रे वॉनने १९८६ मध्ये गिटारवर केलेलं भेटलं. मग मूळ ऐकलं आणि यात गिटार हवीच कशाला असं झालं!

*

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात मी हे लावतो. पडायला आलेली शिडी, फुटका आरसा, तेराचा आकडा, सगळं त्यात आहे; आणि जे कळत नाही त्यावर विश्वास ठेवाल तर भोगाल, हे तो स्वच्छ सांगतो. मुलं आधी नाचतात, मग शब्द विचारतात, मग आडव्या गेलेल्या मांजराचा आणि लिंबू-मिरचीचा विषय आपसूक निघतो. तासभराच्या भाषणाने हे होत नाही.

*

आम्ही न्यू जर्सीला. लेकीच्या शाळेच्या बँडने यंदा हेच घेतलंय. पन्नास वर्षांनंतरही शाळकरी मुलं इतक्या जोशात वाजवतात याचा फार आनंद होतो. सॅक्सोफोनचा तुकडा तिला अजून जड जातो. कुणाकडे सोपं नोटेशन असेल तर नक्की द्या.