व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट: गाजावाजा खरा ठरला का?

प्रश्न: २०१४ मध्ये फेसबुकने व्हीआर हेडसेट बनवणारी ऑक्युलस ही कंपनी विकत घेतल्यापासून व्हीआर घरोघरी पोहोचणार, असे ऐकत आलो आहे. आता हेडसेट घेणे योग्य ठरेल का?

उत्तर १: केवळ चित्रपटांसाठी घेऊ नये. हेडसेटच्या पडद्यासाठी डोळे ज्या अंतरावर नजर स्थिर करतात ते अंतर ठरावीक असते, पण दृश्यातील वस्तू कधी जवळ तर कधी दूर भासतात. डोळ्यांना हा मेळ घालता येत नसल्यामुळे अनेकांचे डोके जड होते. शिवाय मेटाच्या (पूर्वीचे फेसबुक) क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन सुमारे ५१५ ग्रॅम आहे आणि त्याचा बराचसा भार चेहऱ्यावरच येतो.

उत्तर २: मान्य. मात्र विमान चालवण्याच्या सरावात मिळणारी जवळ-दूर अंतराची जाणीव साध्या पडद्यावर मिळतच नाही. त्या एका अनुभवासाठी मी हेडसेट पुन्हा घेईन.

उत्तर ३: २०२४ मध्ये आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटची अमेरिकेतील किंमत ३,४९९ डॉलरपासून सुरू झाली. आपण आधी परिचितांचा हेडसेट तासभर वापरून पाहावा.